“खोऱ्यातली शेती जाणारच होती”: फिरत्या मजकुराला मुद्देसूद उत्तर

वाढत्या शहराला लागून असलेल्या खोऱ्यांबद्दल एक मजकूर वेगवेगळ्या शब्दांत सतत पुढे पाठवला जातो. त्याचा गोषवारा असा: शहर वाढणार म्हणजे खोऱ्यातली शेती जाणारच. ती अडवून धरली तर घरं महागतात. सुपीक माती उचलून दुसरीकडे नेता येते, अन्न इमारतीतही पिकवता येतं. शेती पाणी संपवते आणि विहिरी नासवते, वस्तीशेजारी तर ती नांदूच शकत नाही. शिवाय शेतकऱ्यालाच जमीन विकायची आहे, मग अडवणारे तुम्ही कोण? यातल्या काही मुद्द्यांत तथ्य आहे, पण हिशेब मांडला की निष्कर्ष टिकत नाही.

“शहर वाढणार म्हणजे शेती जाणारच”

किती जमीन जाईल हे लोकसंख्येइतकंच बांधकामाच्या दाटीवर ठरतं. हेक्टरी १० घरं बांधली तर १,००० घरांना १०० हेक्टर लागतात, हेक्टरी ४० बांधली तर २५. हेक्टरी ४० म्हणजे गगनचुंबी टॉवर नव्हेत. चिकटून बांधलेली दुमजली घरं आणि तीन-चार मजली इमारती यांत ती सहज बसतात.

पण खरं नुकसान क्षेत्रफळापेक्षा विखुरलेपणानं होतं. शेतांच्या मधोमध एक रस्ता आणि दहा प्लॉट पडले की आजूबाजूचा प्रत्येक जण विक्रीची वाट पाहू लागतो. पाच वर्षांत जमीन विकली जाईल असं वाटणारा शेतकरी सहाव्या वर्षी फळणारी झाडं लावत नाही, निचऱ्याचे पाइप टाकत नाही, सामाईक चराचा गाळ काढत नाही. चर एका ठिकाणी तुंबला की वरच्या अंगाच्या शेतांत पाणी साचतं, वाफसा येत नाही, पेरणी लांबते. मग गिऱ्हाईक घटलं म्हणून बियाणं विकणारा, पंप दुरुस्त करणारा, माल प्रतवारी करणारा हलतो. घरं येण्याआधीच शेती मोडते, आणि नंतर “तिथं तसंही काही पिकत नव्हतं” हा पुरावा म्हणून पुढे केला जातो. शेती टिकवायची तर शेतकऱ्याला सगळ्यात आधी खात्री हवी की शहराच्या वाढीसाठी आखलेली हद्द पुढच्या निवडणुकीनंतर सरकणार नाही.

अशी खात्री देता येते. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यानं १९७३ मध्ये कायदा करून प्रत्येक शहराला वाढीची हद्द आखायला लावली. तिच्याबाहेरच्या विलॅमेट खोऱ्यातल्या चांगल्या जमिनी केवळ शेतीसाठी राखल्या गेल्या. कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यानं १९६८ मध्ये शेती-राखीव क्षेत्र ठरवलं. तिथं किमान तुकडा २० एकरांचा होता, तो पुढे ४० एकर झाला. १९९० मध्ये मतदारांनी ठरवलं की शेतजमिनीचा वापर बदलायचा तर मतदानच घ्यावं लागेल. नापा ज्या सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरात आहे, तिथलंच सांता क्लारा खोरं एकेकाळी आलुबुखार आणि जर्दाळूच्या बागांसाठी जगभर ओळखलं जाई. आज त्याला सिलिकॉन व्हॅली म्हणतात. नापाच्या द्राक्षांना भाव मोठा आहे, त्यामुळे सगळं श्रेय कायद्याला देता येणार नाही. पण बागा एकदा तुकड्यातुकड्यानं विकल्या गेल्या असत्या तर चांगला भावही कामी आला नसता.

किमान तुकडा पाच-सात एकरांचा ठेवणं ही मात्र हमखास फसणारी तरतूद आहे. एवढी जमीन बंगल्याच्या आवारासाठी जास्त आणि पोटापुरत्या शेतीसाठी बहुतेकदा कमी पडते. श्रीमंत माणूस ती घेतो, मधोमध घर बांधतो आणि उरलेलं रान वाढू देतो.

“हद्द आखली की घरं महागतात”

हद्द आखून आतले जुने नियम तसेच ठेवले तर महागतात, हे खरं आहे. म्हणून ऑरेगनमध्ये हद्दीच्या आत २० वर्षांच्या गरजेइतकी जागा असावी लागते. हद्दीबरोबरच आतल्या भागात जास्त घरांना परवानगी आणि पडून असलेल्या भूखंडांचा वापर हवा. यातलं एकच करणारं शहर स्वतःच्या योजनेवर स्वतःच पाणी ओततं.

घरांमुळे तिजोरी भरते हेही अर्धसत्य आहे. शेतजमिनी वाचवण्यासाठी काम करणाऱ्या अमेरिकन फार्मलँड ट्रस्ट या संस्थेनं एकत्र केलेल्या स्थानिक अभ्यासांचा मध्यक (म्हणजे मधला आकडा) पाहिला तर निवासी भागातून मिळणाऱ्या १ डॉलर महसुलामागे सेवांवर सुमारे १.१६ डॉलर खर्च होतात. शेतजमिनीसाठी हाच खर्च सुमारे ३५ सेंट आहे. दुकानं आणि कारखान्यांचाही खर्च कमीच भरतो, त्यामुळे हा युक्तिवाद त्यांच्याविरुद्ध वापरू नये.

“माती उचलून नेता येते”

एका हेक्टरचा वरचा ३० सेंटिमीटर थर म्हणजे ३,००० घनमीटर माती. घनमीटरला १.३ टन धरले तर ३,९०० टन, म्हणजे १० टनी ट्रकच्या ३९० खेपा. एवढं करूनही पोहोचते ती माती, शेत पोहोचत नाही. ओली माती खोदली की तिची रवाळ घडण मोडते. उंच ढिगात आतल्या भागाला हवा मिळत नाही, गांडुळं आणि मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरश्या मरतात. पसरवताना यंत्रांच्या वजनानं थर दाबला जातो, आणि चिकणमातीची घनता घनमीटरला १.५ टनांच्या आसपास गेली की मुळं आत शिरत नाहीत. खोऱ्याच्या तळाची गाळाची जमीन मीटरभर खोल ओल धरते. पोयट्याच्या जमिनीत मीटरभर खोलीत पिकाला घेता येईल असं सुमारे १५० मिलिमीटर पाणी मावतं. उतारावरच्या मुरमावर ३० सेंटिमीटर माती टाकून त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंही साठत नाही.

“इमारतीत पिकवू”

पालेभाज्यांना हे जमतं, कारण त्या बहुतांश पाणी असतात. धान्याला जमत नाही. १ किलो गव्हात साधारण ४ युनिट ऊर्जा असते. दिव्यांची कार्यक्षमता, प्रकाशसंश्लेषणातली घट आणि काडात जाणारा निम्मा वाटा धरला, तर उत्तम स्थितीतही किलोमागे शंभराहून जास्त युनिट वीज लागते.

“शेती पाणी संपवते आणि विहिरी नासवते”

या मुद्द्यात वजन आहे. सांता क्लारा खोऱ्यातल्या सॅन होजे शहराखालची जमीन विसाव्या शतकात सुमारे ४ मीटर खचली. भूजल उपसल्यानं खालचे चिकणमातीचे थर दबत गेले, आणि याची सुरुवात बागांच्या काळातच झाली होती. बाहेरून पाणी आणून पुनर्भरण केल्यावर १९७० च्या सुमारास खचणं थांबलं. दबलेल्या थरांतली गेलेली साठवण मात्र परत येत नाही.

नायट्रेटचा, म्हणजे खतातल्या नत्रापासून बनून पाण्याबरोबर झिरपणाऱ्या क्षाराचा, हिशेब तर आणखी काटेकोर आहे. वर्षाला २०० मिलिमीटर पाणी मुळांखाली झिरपतं असं धरा, म्हणजे हेक्टरी २,००० घनमीटर. त्यात पिकानं न उचललेलं फक्त २० किलो नत्र गेलं तरी पाण्यात लिटरमागे सुमारे ४४ मिलिग्रॅम नायट्रेट होतं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा ५० आहे. म्हणजे हेक्टरी साधारण एका पोत्याइतक्या युरियाच्या चुकीनं विहीर मर्यादेजवळ जाते.

उपाय माहितीतले आहेत, शिस्त मात्र लागते. पेरणीआधी ६० सेंटिमीटर खोलीपर्यंतच्या मातीतलं नायट्रेट तपासावं आणि खताच्या मात्रेतून वजा करावं. विहिरीच्या पाण्यात लिटरमागे १० मिलिग्रॅम नायट्रेट-नत्र (नायट्रेटमधलं फक्त नत्राचं वजन) आधीच असेल तर ३०० मिलिमीटर सिंचनातून हेक्टरी ३० किलो नत्र येतं, तेही वजा करावं. नेमकं हेच बहुतेक ठिकाणी विसरलं जातं. उरलेली मात्रा दोन-तीन हप्त्यांत द्यावी. काढणी झाल्यावर पंधरवड्यात राय किंवा ओटसारखं तृणधान्य आच्छादन पीक म्हणून पेरावं. द्विदल पीक उरलेलं नत्र ओढण्यात कमी पडतं.

पण शेतीच्या जागी काँक्रीट आलं तर पाणी सुधारतं का? १०० हेक्टरांवर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५०,००० घनमीटर पाणी. शेतातून त्यातलं पाव वाहून जातं असं धरलं तर १२,५०० घनमीटर, दाट बांधकामातून ८५ टक्के धरले तर ४२,५००. मधलं ३०,००० घनमीटर पाणी झिरपायच्या ऐवजी खालच्या वस्तीत पूर होऊन जातं.

उलट शहरच शेतीला पाणी देऊ शकतं. माणशी रोज १०० लिटर सांडपाणी धरलं तर १ लाख वस्तीचं प्रक्रिया केलेलं पाणी, रोज ५ मिलिमीटर गरज असलेल्या २०० हेक्टरांना पुरतं. यात क्षार ही खरी अडचण आहे. १ डेसिसिमेन्स प्रति मीटर वाहकतेच्या (वाहकता हे पाण्यातल्या क्षारांचं माप) पाण्यानं हंगामात ६०० मिलिमीटर सिंचन केलं तर हेक्टरी सुमारे ३.८ टन क्षार मातीत येतात. निचरा नसेल तर काही हंगामांत जमीन क्षारपड होते. म्हणून आधी चर, मग जोडणी. आणि कारखान्यांचं सांडपाणी त्या वाहिनीत अजिबात नको.

“वस्ती आणि शेती शेजारी नांदत नाहीत”

हद्दीवर नीट काम केलं तर नांदतात. झाडांचा पट्टा बांधकामाच्या जमिनीतून सोडावा, शेतातून नव्हे. तो निम्मा विरळ असावा. भिंतीसारखा घट्ट पट्टा वाऱ्याचे भोवरे करतो आणि फवारणीचा तुषार पलीकडे टाकतो, तर विरळ पट्टा आपल्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत वारा मंदावतो. वसाहतीचं पावसाचं पाणी शेतचरात सोडू नये, आणि रस्त्यावर चार मीटर रुंद यंत्र जाईल एवढी जागा ठेवावी.

“शेतकऱ्यालाच विकायची आहे”

जमीन हीच ज्याची म्हातारपणाची ठेव आहे, त्याला फुकट त्याग करायला सांगणं अन्याय आहे. म्हणूनच विकास हक्कांचं हस्तांतरण, अर्थात टीडीआर: जमीन शेतकऱ्याकडेच राहते, तिच्यावर बांधण्याचा हक्क तेवढा विकला जातो. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातल्या माँटगोमेरी काउंटीनं (जिल्ह्यानं) १९८० मध्ये सुमारे ९३,००० एकरांचं शेती-राखीव क्षेत्र केलं. जागेवर २५ एकरांमागे एकाच घराची परवानगी ठेवली, पण दर ५ एकरांमागे विकता येईल असा एक हक्क दिला. १०० एकरवाल्याला असे २० हक्क मिळतात. ते बिल्डर घेतो आणि शहराच्या ठरवलेल्या भागात जास्त घरं बांधतो.

ही योजना फसते ती घेणाऱ्या बाजूला. आराखड्यातच जादा मजले मोफत मिळत असतील तर हक्क कोण विकत घेईल? म्हणून जादा बांधकाम फक्त हक्क घेऊनच मिळेल, हे आधी ठरवावं लागतं.

हक्क विकल्यावर जमीन शेतीच्याच भावात राहते, त्यामुळे नव्या शेतकऱ्याला ती परवडण्याची शक्यता वाढते. ज्याला विकत घेणं जमत नाही तो खंडानं करतो, आणि वर्षभराच्या तोंडी करारावर कोणी माती सुधारत नाही. चुना आणि शेणखताचा पैसा वसूल व्हायला तीन-चार हंगाम लागतात. करार किमान ५ ते १० वर्षांचा असावा, लेखी असावा, आणि मुदतीआधी मोडल्यास वसूल न झालेल्या सुधारणांची भरपाई त्यात आकड्यांनिशी लिहिलेली असावी.