गड असा करावा

जुलै २०२५ मध्ये आपले बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यातला जिंजी तमिळनाडूत आहे. राजाराम महाराजांनी तिथून काही वर्षं स्वराज्य सांभाळलं हे खरं, पण तिथे पायथ्याला मिसळ मिळेल याची खात्री नाही, तेव्हा तो सोडा. उरलेले अकरा आपल्या हाताशी आहेत.

लोहगडापासून सुरुवात करा आणि भर पावसातला रविवारच निवडा. वर जाताना एकामागून एक चार दरवाजे लागतात. शत्रूची वळणावळणावर कोंडी व्हावी म्हणून ही रचना. ती आजही चोख काम करते, फक्त शत्रू येत नसल्यामुळे कोंडी आपलीच होते. अशा वेळी घाबरू नये. शिवरायांच्या नावाची गारद, म्हणजे ललकारी द्यावी, स्पीकरचा आवाज वाढवावा आणि रील काढावं. तेवढ्यात तहान लागली तर रिकामी बाटली टाकायला कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेतच. पूर्वजांनी केवढी दूरदृष्टी दाखवली बघा!

मग नाव कोरण्याचं. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रजाने १८१९ साली खांबावर नाव कोरलं, म्हणजे परंपरा जुनी आहे. रायगड बांधणारे हिरोजी इंदुलकर मात्र इथे चुकले. एवढा गड उभा केला आणि नाव कोरलं कुठे, तर गडावरच्या जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाखाली. तुम्ही नजरेच्या उंचीवर कोरा, शेजारी बदाम, बदामातून बाण. याला कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे म्हणे. असू द्या. तट केवढा आणि पहारेकरी किती!

गड करणं जमत नसेल तर गावातही वारसा जपता येतो. देवळामागे वीरगळ, म्हणजे वीराच्या स्मरणार्थ कोरलेली शिळा, पडलेली असते. खालच्या चौकटीत लढताना पडलेला वीर, मधे त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर पिंडीची पूजा करणारा तोच. कपडे आपटायला मधली चौकट उत्तम. अप्सरा गुळगुळीत झाल्या की कॉलर फाटत नाही.

आणि जीर्णोद्धाराला वर्गणी सढळ हाताने द्या. काळ्या दगडाला आधी गुलाबी ऑइलपेंट, मग फटींत सिमेंट. पूर्वीच्या चुन्यातून भिंतीत मुरलेलं पाणी बाहेर पडायचं, ही शिस्त नव्हे. सिमेंट ते आतच कोंडून ठेवतं. काही वर्षांत दगडाचे पापुद्रे सुटू लागतात आणि समितीला काम मिळतं. पुन्हा जीर्णोद्धार, पुन्हा वर्गणी, पुन्हा महाप्रसाद. पत्रावळ्या टाकायला मागे बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, आहेच.