म्हातारा कोण?

आमचा लॅपटॉप सकाळी उठला की आधी पंखा लावून घेतो. पडद्यावर चक्र गरागरा फिरत राहतं. तेवढ्यात माझा चहा ठेवून, पिऊन, कप विसळून होतो. "म्हातारा झालाय, बसल्या जागी नुसता घरघरतो," असं ही म्हणते. लॅपटॉपबद्दलच म्हणते, असं मी धरून चालतो.

दुरुस्तीवाल्या पोराने मात्र वयाचा मुद्दा उडवूनच लावला. "काका, प्रोसेसर म्हातारा होत नाही हो. पहिल्या दिवशी पळायचा तेवढाच आजही पळेल. तुम्ही पळू तर द्या!" त्याने मागचं झाकण काढलं. पंख्याच्या जाळीवर धुळीचा जाड थर, आणि त्यात रुतलेली एक शेव. हवा अडली की प्रोसेसरची चिप तापते, आणि तापली की जळू नये म्हणून आपणहून वेग कमी करते. तापल्यावर आपणहून नमतं घेणारं आमच्या घरात दुसरं कोणी नाही.

मग टास्क मॅनेजर उघडला. लॅपटॉप सुरू होताच आपोआप जागी होणारी मंडळी तिथे ओळीने हजर. एका प्रिंटरचं सॉफ्टवेअर होतं. प्रिंटर केव्हाच भंगारात गेला, पण हा इमानी कारभारी रोज सकाळी त्याची शाई तपासत होता! लॉकडाऊनमध्ये लेकीच्या शाळेसाठी घातलेलं अ‍ॅपही तयारीत बसलेलं. लेक आता इंजिनिअरिंगला आहे.

हा सगळा गोतावळा 4 जीबी रॅममध्ये, म्हणजे चालू काम मांडायच्या ओट्यावर. जागा पुरेना, की आतला माल हार्ड डिस्कवर नेऊन ठेवायचा, लागला की परत आणायचा. मिनिटाला 5400 फेरे घेणारी ती तबकडी दिवसभर हेलपाटेच घालत होती.

2001 साली विंडोज एक्सपी 64 एमबी रॅमवर भागवायचं. 2021 च्या विंडोज 11 ला किमान 4 जीबी लागते. म्हणजे 64 पट! मी तेव्हाही सोसायटीच्या नोटिसा टाइप करत होतो, आजही तेच करतो. पास्कल भाषेचे जनक निकलाउस विर्थ यांनी 1995 मध्येच लिहिलं होतं, की हार्डवेअरचा वेग वाढतो त्याहून झपाट्याने सॉफ्टवेअर मंदावतं. सोसायटीची थकबाकी आणि वसुली यांचंही नेमकं तसंच आहे, पण ते असो.

पोराने धूळ झटकली, तबकडीच्या जागी न फिरणारी, चपळ एसएसडी बसवली, रॅम दुप्पट केली. लॅपटॉप असा काही पळायला लागला, की संध्याकाळी लेकीने त्यात दोन गेम आणि एक व्हिडिओ एडिटर घातला.

"अगं, कशाला?"

"बाबा, जागा आहे ना आता!"