घोडबंदरच्या टॉवरवाल्या प्रतिक्रियेला उत्तर

कॉलेज प्रवेशाच्या फॉर्मवरच्या ‘पसंतीक्रम आवडीने भरा, कटऑफने नव्हे’ या माझ्या लेखाखाली ‘एक पालक’ एवढंच नाव लावून एक प्रतिक्रिया आली आहे. ती अशी: “घोडबंदरच्या टॉवरमध्ये बसून असले सल्ले सुचतात. साध्या घरातली मुलं कटऑफ बघूनच फॉर्म भरतात, कारण हातची सीट घालवणं त्यांना परवडत नाही. फीबद्दल तुम्ही अवाक्षर लिहिलं नाही आणि नॉन क्रिमीलेअरबद्दल तर चुकीचं लिहिलंत.”

शेवटचं आधी. नॉन क्रिमीलेअर, म्हणजे आरक्षणासाठी लागणारा उत्पन्नमर्यादेचा दाखला, एकाच वर्षासाठी मिळतो असं मी लिहिलं होतं. तीन वर्षांच्या उत्पन्नाची कागदपत्रं जोडली तर तो तीन वर्षांसाठीही मिळतो. ही चूक माझी, मान्य.

पण टॉवर? माझं लहानपण वागळे इस्टेटजवळ किसननगरच्या चाळीत गेलं. वडील इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते. मी बारावीत असताना तो कारखाना बंद पडला. मला रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी करायचं होतं, पण “कॉमर्सला लगेच नोकरी लागते” असं शेजारच्या काकांनी सांगितलं आणि मी एफवायबीकॉमचा फॉर्म भरून आले. आज कळव्यात दोन खोल्यांत राहते आणि सकाळी ७:४० ची लोकल पकडते. तुम्हाला माझ्या घराचा पत्ता ठाऊक नव्हता, तर विचारायचा होता. माझी ऐपत परस्पर ठरवून त्यावर माझं म्हणणं खोडून काढायचं, ही वाद घालायची कुठली रीत?

आणि हातची सीट घालवणं काय असतं ते मला शिकवू नका. २०२२ साली लेकीचा इंजिनीअरिंगचा ऑप्शन फॉर्म भरायला आम्ही ठाणे स्टेशनजवळच्या एका सायबर कॅफेत गेलो. तिने वहीच्या पानावर पेन्सिलने क्रम लिहून आणला होता. पहिल्या नंबरावर नवी मुंबईतल्या एका कॉलेजचं केमिकल, त्याच्याखाली दोनदा खोडून पुन्हा लिहिलेलं बायोटेक्नॉलॉजी. कॅफेवाल्याने ते पान बघितलंसुद्धा नाही. त्याच्यापुढे मागच्या वर्षीच्या कटऑफची प्रिंट होती, ओळींवर पिवळा मार्कर फिरवलेला. “हे मिळणार नाही मॅडम, हे नक्की मिळेल,” असं म्हणत त्याने भराभर चॉइस कोड टाकले आणि एक नंबरला आयटी ठेवलं. ओटीपी माझ्या फोनवर आला. तो मीच वाचून दाखवला.

पहिल्या फेरीत आयटीच लागलं. पहिल्या पसंतीची सीट लागली की ती ऑटो फ्रीज होते, पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही. त्याच फेरीत ते केमिकल तिच्यापेक्षा कमी पर्सेंटाइलवर बंद झालं. म्हणजे तिने लिहिलेल्या क्रमाने फॉर्म भरला असता तर तिला ते मिळालं असतं. त्या रात्री ती जेवली नाही. ही हातची सीट कटऑफच्या भीतीने गेली, आवडीने नव्हे.

कॅपमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, सीटचं वाटप कसं होतं हे मी लेखात सांगितलं होतं, तुम्ही बहुधा तिथवर वाचलं नाहीत. गुणवत्ता क्रमांकानुसार एकेका विद्यार्थ्याची यादी वरून खाली तपासली जाते आणि जिथे त्याच्यासाठी जागा शिल्लक असेल ती पहिली सीट त्याला मिळते. वर अवघड कॉलेज लिहिलं म्हणून खालच्या सीटवरचा हक्क तसूभरही कमी होत नाही. कटऑफ बघूच नका, असं मी कुठेही म्हटलेलं नाही. यादी किती खालपर्यंत न्यायची, शेवटी कोणती कॉलेजं हमखास मिळणारी ठेवायची, ते कटऑफ बघूनच ठरवायचं. एक नंबर कुणाला द्यायचा, ते मात्र मुलाने ठरवायचं. ज्याला एकच सीट परवडते, त्याला तर याची गरज सगळ्यांत जास्त. ‘साध्या घरातली मुलं’ म्हणत त्यांच्या आवडीला आधीच कात्री लावणारे तुम्ही कोण?

फीबद्दल: तो लेख फॉर्मवर होता, फीवर नव्हता. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ करणारा शासन निर्णय ८ जुलै २०२४ चा आहे, आणि तो कॅपमधून घेतलेल्या प्रवेशाला लागू आहे. वाचून घ्या.

नॉन क्रिमीलेअरची ओळ आज सकाळी दुरुस्त केली आहे. लेखातला दुसरा एकही शब्द मी बदलणार नाही.