सीट खाली करून देतो ना, मॅडम!

आज परत ऐकलं. सायकलचं दुकान वेगळं, पोरगा वेगळा, मधे दहा वर्षं गेलेली, पण वाक्य जसंच्या तसं. "सीट खाली करून देतो ना, मॅडम!"

त्याआधीचं तर आणखी भारी. लेकीला घेऊन मी दुकानात शिरले. माझी उंची चार फूट दहा इंच, लेक आठवीत असून पाच फूट तीन. त्या पोराने तिला थेट मोठ्यांच्या सायकलींकडे नेलं आणि मला म्हणाला, "मुलांच्या सायकली वरच्या मजल्यावर आहेत, धाकट्यासाठी बघताय का?" म्हटलं, धाकटं कुणी नाही, मीच आहे. लेक हसून हसून लोळायची बाकी होती. मीही हसले. घरी येऊन कुकर लावला आणि तिसऱ्या शिट्टीला मला राग आला. मला राग जरा उशिराच पोचतो.

जुन्या मंडळींना माझं जेहान सर्कलच्या सिग्नलवरचं प्रकरण माहीत आहेच. नव्यांसाठी सांगते. २०१५ साली आपल्या महाजन डॉक्टर बंधूंनी अमेरिकेतली ती रॅम की काय ती अचाट सायकल शर्यत पुरी केली आणि अख्खं नाशिक सायकलवर बसलं. ज्यांना कोपऱ्यावरून दूध आणायला गाडी लागायची ते पहाटे गंगापूर धरणावर जाऊन फोटो टाकायला लागले. मीही दिवाळीत घेतली. राखाडी रंगाची, २६ इंची चाकं, २१ गिअर, फ्रेम म्हणजे सांगाडा १७ इंची. दुसरी साइजच नव्हती. दुकानदाराने सीट पार तळाला ठोकली, मी चवडे टेकवून दाखवले, तो म्हणाला, "बघा, बसली की नाही!" बसली होती. चालवायची कशी ते दोघांनीही विचारलं नाही.

जानेवारीत एका सकाळी भाजी घेऊन येताना सिग्नल लागला. मी थांबले, सीटवरून पुढे उतरले, आणि पाय जमिनीला लागायच्या आधी दांडा लागला. कुठे लागला ते बायकांनाही कळलं आणि पुरुषांना तर कळलंच. मी डावीकडे कलंडले, सायकल माझ्यावर, आणि हँडलच्या पिशवीतले दोन किलो आवळे गंगापूर रोडभर. एका रिक्षावाल्या काकांनी उचललं. आवळेसुद्धा गोळा करून दिले बिचाऱ्यांनी. आणि म्हणाले, "ताई, मिस्टरांची सायकल कशाला काढता?"

ती माझी होती हो. माझ्या पगाराची, माझ्या नावाच्या पावतीची. पण मी काकांना म्हटलं, "हो ना, चुकलंच."

आता जरा शिकवते, कंटाळा आला तर पुढे सरका. सायकल बसते की नाही हे सीटवर बसून पाय टेकतात का यावरून ठरत नाही. पायडल तळाला गेल्यावर गुडघा अगदी किंचित वाकलेला राहील, इतकी सीट वर हवी. तशी ठेवली की बसल्या जागेवरून कुणाचेच तळवे नीट टेकत नाहीत, सहा फुटी माणसाचेही नाहीत. म्हणून थांबताना सगळेच सीटवरून पुढे उतरतात आणि दांडा दोन पायांत घेऊन उभे राहतात. म्हणजे बघायचा तो दांडा. त्याच्यावर दोन-तीन बोटं तरी जागा सुटायला हवी. सीट खाली केल्याने दांडा खाली येतो का? हँडल पुरेसं जवळ येतं का? काही नाही. फक्त गुडघे पोटाशी येतात आणि महिन्याभरात वाटीमागे कळ सुरू होते. वर हात ताणून हँडल धरायचं, म्हणजे मान आणि खांदे गेले. माझ्या आखूड बोटांना ब्रेकची दांडीही जेमतेम पुरायची. तिच्या बुडाशी बारकासा स्क्रू असतो, तो फिरवला की दांडी हँडलच्या जवळ येते, हे मला गेल्या वर्षी कळलं. दोन मिनिटांचं काम. विकताना कुणाला सुचलं नाही.

हे सगळं मला एका पावसाळ्यात घरी बसून उमगलं, तेही लेकीमुळे. दाराच्या चौकटीशेजारी भिंतीवर तिच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, बालवाडीपासूनच्या. मी अनवाणी त्या भिंतीला पाठ लावून उभी राहिले, तिचा जाडजूड शब्दकोश पायांत धरून जितका वर जाईल तितका दाबला (सीटचा भार तिथे असतो म्हणून) आणि तिने पुस्तकाच्या वरच्या कडेशी रेघ मारली. ६६ सेंटिमीटर. तिच्या बालवाडीच्या उंचीपेक्षाही खाली. "आई, तू इथून सुरू होतेस," म्हणाली. त्या ६६ ला ०.८८३ ने गुणायचं, की पायडलच्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर मिळतं. माझं ५८ आणि थोडं. मग टेप घेऊन बाल्कनीत गेले. तोवर त्या सायकलवर सहा वर्षं टॉवेल वाळत होते. दांड्याची उंची भरली ७४.

८ सेंटिमीटर! माझ्या पायांपेक्षा दांडा आठ सेंटिमीटर वर. त्यावरून मी न पडते तरच नवल. आणि सहा वर्षं मी लोकांना सांगत होते की मला बॅलन्स जमत नाही. ज्या मुलीने चौथीत बाबांच्या काळ्या, २२ इंची फ्रेमच्या सायकलच्या दांड्याखालून पाय घालून, तिरकी लोंबकळत अख्खं मैदान पालथं घातलं, तिला बॅलन्स जमत नाही म्हणे.

हो, माहितीये, आता कोण काय लिहिणार ते. "चोवीस इंची चाकांची मुलांची घे की." घेतली होती, दोन वर्षं चालवली. बसते, कबूल. स्वस्तही पडते. पण हँडल अरुंद, ब्रेक दहा वर्षांच्या पोराला थांबवण्यापुरते, वजनाला मात्र लोखंडी कपाट, आणि चेनच्या कव्हरवर चांदण्या उडवणारा घोडा. ऑफिसच्या पार्किंगमध्ये वॉचमनने एकदा विचारलं, "मॅडम, बेबीला सुट्टी आहे का आज?" आणि दुकानदारांनी प्रत्येक साइज ठेवायची कुठे, हेही खरंच आहे. ठीक आहे. मग मागवून देतो म्हणा! एक फोन करा! आपल्याकडच्या बाया पाच फुटांच्या आसपासच असतात, मी काही सर्कशीतून आलेली नाही. माझ्या मापाचं गिऱ्हाईक दुकानात रोज येत असणार आणि सीट खाली करून घरी जात असणार.

आणि होत नाही असंही नाही. अमेरिकेत जॉर्जिना टेरी नावाच्या इंजिनिअर बाईने १९८५ मध्ये कंपनी काढली ती याच कारणासाठी. फ्रेम लहान केली की मोठं पुढचं चाक वळताना बुटाच्या टोकाला घासतं. म्हणून तिने पुढचं चाकच लहान केलं, मागचं तेवढं मोठं ठेवलं. दिसते विचित्र. बायका रांग लावून घ्यायच्या. चाळीस वर्षं झाली त्याला! इथे आपण अजून पाना शोधतोय.

लेडीज सायकलचंही सांगून टाकते. आडवा दांडा नाही, साडी-पंजाबी ड्रेसवर बरी, उतरायला सोपी. कॉलेजला होती माझ्याकडे, प्रेम आहे तिच्यावर. पण दांडा वाकवला म्हणून सायकल लहान झाली का? हँडल तितकंच लांब, सीट तितकीच वर. बास्केट लावली की आमचं समाधान होणार असं कुणी ठरवलं?

बरं, फक्त बायकांचंही नाही हे. संध्याकाळपासून मला बाबाच आठवतायत. पाच फूट एक इंच होते. ती काळी २२ इंची त्यांना साहेबांच्या कोटासारखी मोठी. टांग मारून चढायचे ते झकास, आम्हा पोरांना भारी कौतुक. पण थांबायचे कधीच कुठेही नाहीत. शाळेच्या अलीकडच्या मोरीचा कठडा, वाण्याच्या दुकानाची पायरी, दवाखान्यासमोरचा एक दगड. तिथेच. मला मोरीपाशी उतरवून म्हणायचे, "आता चालत जा." मी रुसायची, बाकीच्यांचे बाबा फाटकापर्यंत सोडतात म्हणून. त्या फाटकापाशी पाय टेकायला काही नव्हतं, हे आज कुकरसमोर उभी असताना लक्षात आलं. पस्तीस वर्षांनी. त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

त्यांनाही कुणीतरी दुकानात सीट खाली करून दिली असणार.

असो. त्या आजच्या पोरावर राग नाही, त्याला मालकाने जे शिकवलं ते तो बोलला. निघताना त्याला विचारलं, दांड्याची उंची किती? त्याने टेप आणला, मापली, आणि खरंच चमकला. "हे कुणी विचारतच नाही मॅडम." नंबर घेतलाय माझा. कळवतो म्हणाला. बघू.

तोवर तुम्हाला विचारते. १३ किंवा १४ इंची फ्रेमची, मोठ्या माणसाची गिअरची सायकल कुणाकडे पडून असेल तर कळवा. नाशिक नसलं तरी चालेल, पुणे-ठाण्याहून येऊन घेऊन जाईन. दांडा ६३ च्या खाली हवा, टेप लावून मगच मेसेज करा. रंग कुठलाही चालेल. घोडा नको.