माझ्या खात्यावरचे तास

घरच्या ग्रुपवर परवा पुन्हा जुंपली. चाकणला प्रेस शॉप चालवणारा माझा मावसभाऊ नव्या औद्योगिक संबंध संहितेवर खूश आहे. सरकारी परवानगीशिवाय कामगार कपात करायची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली ना! "आता तुमच्या जर्मनीसारखी फ्लेक्सिबिलिटी येईल," म्हणाला.

तुमच्या जर्मनीसारखी! डोकंच सणकलं.

दादा, इथे ऑर्डरी घटल्या की आधी तास हलतात, माणूस नंतर. घाईच्या महिन्यांतले जादा तास आर्बाइट्सझाइटकोंटोवर, म्हणजे कामगाराच्या तासांच्या खात्यावर, चढतात, मंदीत उतरतात, पगार तोच राहतो. तेवढ्याने भागलं नाही तर कुर्त्सआर्बाइट: तास कमी करायचे, बुडालेल्या पगाराचा काही भाग सरकारी रोजगार विमा भरतो. मे २००९ मध्ये १४ लाखांवर लोक त्यावर होते. फोक्सवागनने १९९३ मध्ये ३०,००० नोकऱ्या वाचवायला आठवडा २८.८ तासांवर आणायचा करार केला. वर्षाची कमाई घटली, पण माणसं टिकली.

आणि तुझ्याकडे? प्रेसचा डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलायला दोन तास लागतात, कारण ते जमणारा सेटर एकच. हेल्परचा हात बसेपर्यंत सात महिने होतात, की लगेच ब्रेक, म्हणजे परमनंट करावं लागू नये म्हणून घरी. मग डाय कमी वेळा बदलावा लागावा म्हणून मोठमोठे लॉट काढायचे, माल शेडमध्ये गंजवायचा आणि गिऱ्हाइकाने दुसरा पार्ट मागितला की म्हणायचं, कामगारच अडेलतट्टू! टोयोटाने हजार टनी प्रेसचा डाय बदलायचा वेळ चार तासांवरून तीन मिनिटांवर आणला, त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली. पुढचा डाय मशीन चालू असतानाच शेजारी तयार ठेवायचा, उंच्या आधीच जुळवून घ्यायच्या. पण हे करायला उद्याही कामावर येणारा माणूस लागतो.

एवढं तावातावाने टाइप केलं. एक मात्र गाळलं. गेल्या वसंतात आमच्या लाइनवरच्या दोन पोरांचं काम गेलं. दोघंही लाइहआर्बाइटर, एजन्सीकडून भाड्याने आलेले कामगार, म्हणजे तासांचं खातं रिकामं व्हायच्या आधीच जाणारी. बेट्रीब्सराटच्या, म्हणजे कामगारांनी निवडलेल्या मंडळाच्या, बैठकीत आम्ही परमनंट लोक माना खाली घालून कॉफी ढवळत होतो. भोसरीत मला तीनदा ब्रेक मिळाला, म्हणून तर मी इथे आलो.

दादाचं उत्तर एका ओळीचं होतं: "मग ये की परत, मला सेटर हवाच आहे."

मी हसण्याची इमोजी टाकली. माझ्या खात्यावर आज १३२ तास आहेत, आमच्या ३५ तासांच्या आठवड्याने पावणेचार आठवडे. मावशी दर वर्षी विचारते, गणपतीला येतोस का. मी ते तास ब्रुकनटागना, म्हणजे सुट्टी आणि शनिवार-रविवार यांच्या मधल्या दिवसांना, एकेक करून मोडतो.