आमचा टायमिंग बिघडतो म्हणे!

सकाळी ट्रेकच्या ग्रुपवर एकाने घड्याळाचा फोटो टाकला. चढाई 1 तास 52 मिनिटं, "नवा रेकॉर्ड!" इथवर ठीक. पण खाली पुस्ती जोडलेली, "हळू चालणाऱ्यांनी बागेत फिरावं, आमचा टायमिंग बिघडवू नये." त्यावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग. दिवसभर डोक्यातून जाईना.

मला काकू आठवल्या. काही वर्षांपूर्वीचा ट्रेक. साठीच्या पुढच्या, एकट्या आलेल्या. पहिल्याच चढाला मागे पडल्या. आमचा लीडर म्हणाला, "काकू, तुम्ही इथंच या दगडावर बसा, येताना घेतो तुम्हाला." आणि आम्ही सुटलो.

रेकॉर्डच ऐकायचाय ना? एमा गेटवूड. अकरा मुलांची आई, नवऱ्याचा मार खात संसार केलेली. 1954 साली अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन ट्रेल या लांबलचक डोंगरवाटेवर गेली, तर वाट चुकली, चष्मा फुटला. रेंजरांनी समजावून घरी पाठवलं. पुढच्या वर्षी बाई दुसऱ्या टोकाकडून निघाली! वय 67. मुलांना एवढंच सांगितलं, जरा चालून येते. पायात साधे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, पावसाला बाथरूमचा पडदा. तीन हजार किलोमीटरहून मोठी ती वाट एका दमात एकटीने पुरी करणारी पहिली बाई. पुढे आणखी दोनदा केली. हिला बागेत पाठवणार का रे तू?

बिल अर्विन तर आंधळा. 1990 साली ओरिएंट नावाच्या कुत्र्यासोबत तीच वाट चालला, हजारो वेळा पडला, पण शेवटच्या टोकाला पोचला. आणि बाबू चिरी शेर्पा, 1999 मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर ऑक्सिजनशिवाय 21 तास थांबला. थांबण्याचा रेकॉर्ड! (पुढच्याच वर्षी हा माणूस 17 तासांच्या आत बेस कॅम्पवरून माथ्यावर गेला. असो.)

बरं, वेगालाही मोल आहे, मान्य. टारा डॉवरने 2024 मध्ये अ‍ॅपलाचियन ट्रेल 40 दिवस 18 तासांत संपवला, पुरुषांचाही विक्रम मोडून. हात जोडले. पण ती बाई तिच्या पायांशी झगडली, कुणाला दगडावर बसवून नाही गेली.

आम्ही गेलो. उतरायला लागलो तर कळलं, काकू त्या दगडावर थांबल्याच नव्हत्या. माथ्याच्या जरा खाली समोरून येताना दिसल्या, काठी टेकत, घामाघूम, आणि चेहरा असा की काय सांगू. अजून दहा मिनिटं लागली असती त्यांना. लीडरने घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "आता वेळ नाही, चला." काकू काही बोलल्या नाहीत. वळल्या.

अंधाराआधी उतरायचं असतं, त्याचंही बरोबर असेल. पण दहा मिनिटं?

आणि खरं सांगायचं तर मीही गप्प बसले. माझा त्या दिवशीचा टायमिंग झकास होता, खाली उतरल्या उतरल्या इथंच टाकला होता मी. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी लाईकही केलाय. त्या मुलावर सकाळपासून चिडतेय, पण चार वर्षांपूर्वीची माझी पोस्ट काय वेगळी होती? पुस्ती तेवढी नव्हती.

गाडीत काकूंनी माझा नंबर घेतला होता, पुढच्या ट्रेकचं कळव म्हणाल्या. मी कळवलं नाही. माझ्याकडे त्या अजून 'ट्रेक काकू' म्हणून सेव्ह आहेत. नाव मी विचारलंच नव्हतं. उशीर झालाय खूप, पण उद्या फोन लावून बघते.