फाँट मोठा केलाय म्हणे!

सोमवारी सॉफ्टवेअरवाल्याने न सांगता अपडेट टाकलं. मी आपला नेहमीसारखा पिग्मीच्या, म्हणजे रोजच्या बचतीच्या, पावत्या भरायला बसलो. एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा माझा स्क्रीन रीडर, म्हणाला "रक्कम", मी 200 टाकले. टॅब. "पावती क्रमांक", मी 4817 टाकले. एंटर. अशा 38 पावत्या धडाधड मारल्या, वर स्वतःच्या स्पीडवर खूशही झालो.

संध्याकाळी कॅश जुळेना. आठ वाजेपर्यंत मॅनेजर, कॅशियर आणि मी, तिघं उपाशीपोटी. शेवटी सापडलं काय, तर बसस्टँडसमोरच्या चहावाल्याच्या खात्यात एका दिवसात 4817 रुपये जमा, आणि मोबाइल नंबरच्या रकान्यात 200! मोबाइल नंबर 200, तरी ते सॉफ्टवेअर हूं की चूं करत नाही. त्या शहाण्याने खाते क्रमांकानंतर हा नवा रकाना घुसडला आणि पुढचं सगळं एक घर सरकलं.

मंगळवारी फोन लावला. चांगल्या आवाजात सांगितलं, की बाबा, रकान्यांना लेबल लागत नाही, स्क्रीन रीडरला नाव मिळत नाही. तर म्हणतो, "सर, लेबल आहे ना! लाल रंगात आहे, ठळक." मी म्हणालो, मला दिसत नाही. "हो सर, माहितीये, म्हणून तर तुमच्यासाठी या अपडेटमध्ये फाँट मोठा केला."

फाँट मोठा केला. माझ्यासाठी. जन्मापासून ज्याला उजेड-अंधार कळत नाही त्याच्यासाठी या दानशूराने अक्षरं मोठी केली! अजून थोडी मोठी केली असती तर जिंतूर रोडवरून वाचली असती की मला. वर "अजून काही सेवा?" असं विचारतो.

अरे, तुझा प्रोग्राम व्हीबी सिक्सचा, म्हणजे व्हिज्युअल बेसिकचा, 1998 सालच्या हत्याराने केलेला. त्यातलं लेबल म्हणजे नुसतं रंगवलेलं अक्षर, त्याला स्वतःचा विंडो हँडलच नाही, म्हणजे विंडोजच्या लेखी वेगळी ओळखच नाही. रकान्याला कळतच नाही की आपल्या शेजारी काय लिहिलंय. म्हणून आम्हाला ऐकू काय येतं? "एडिट, ब्लँक." पुन्हा "एडिट, ब्लँक." चौदा रकाने, चौदाही एडिट ब्लँक. तीन वर्षं टॅब मोजून काम केलंय मी. मधेच कुणी "साहेब, काय करायलाव?" म्हणून टपकलं की मोजणी गेली, परत पहिल्यापासून.

आणि हा एकटाच नाही. वेबवाले तर त्याहून शहाणे. लेबलच्या टॅगमध्ये 'फॉर' लिहून रकान्याचा 'आयडी' द्यायचा, एका ओळीचं काम, तेवढंही जड जातं. बँकेचं केवायसी करायला गेलो तर मोबाइल म्हणतो, डोळे मिचकवा. कोणाला सांगतो? यावर 30 एप्रिल 2025 ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम 21 मधला जगण्याचा हक्क आहे म्हणून. आमच्याकडे अजून डोळेच मिचकवायलेत. आणि ते कॅप्चा, आणि जीआरचे फोटो काढून बनवलेले पीडीएफ, आणि "तुम्ही राहू द्या सर, मी भरून देतो" म्हणणारे. त्यांचा तर वेगळाच राग आहे.

तर हे अपडेट यायच्या आधीच, दिवाळीच्या सुट्टीत घरचे चिवडा खात असताना मी ॲप मॉड्यूल, म्हणजे एनव्हीडीएला या एका प्रोग्रामपुरतं शिकवणारा कोड, लिहीत बसलो होतो. लॉग उघडून एकेका रकान्याचा कंट्रोल आयडी, म्हणजे आतला नंबर, टिपला. 7 आला की नाव "रक्कम", 8 आला की "पावती क्रमांक". पायथनमध्ये टॅब आणि स्पेसची खिचडी झाली, ती शोधण्यात एक अख्खी रात्र गेली. त्यात दोनदा लाइट. पण पहिल्यांदा "रक्कम" ऐकलं तेव्हा बायकोला झोपेतून उठवून ऐकवलं होतं. ती म्हणाली, "बरं." आणि झोपली.

आता खरं सांगायचं तर... 7 म्हणजे रक्कम, हे मीच लिहून ठेवलेलं. अपडेटनंतर 7 झाला मोबाइल नंबर, तरी एनव्हीडीए "रक्कम"च म्हणत राहिला. चौकटीच्या डावीकडे स्क्रीनवर काय रंगवलंय ते वाचून नाव ठरवणारा कोडही लिहिता आला असता. पण मी म्हटलं, चालतंय. त्याचा प्रोग्राम मुका होता, खोटं बोलायला मी शिकवलं. 38 वेळा.

काल आकडे सरकवले, मॉड्यूल रीलोड केलं. "रक्कम," एनव्हीडीए म्हणाला. आता विश्वास बसेल तर शपथ! शिपाईमामांना हाक मारली, "मामा, बघा बरं, इथं रक्कमच लिहिलंय ना?"

मामा वाकले. बराच वेळ वाकलेलेच.

"साहेब, चष्मा घरी राह्यला."

"अहो, फाँट मोठा केलाय ना!"

"आसंल. दिसंना."